तेवीस पार्सलं

शाळेची बस मी एकोणीस वर्षं चालवली. बेचाळीस पोरं, जायला-यायला, आणि एकाचंही कोपर खरचटू दिलं नाही. मग दोन शाळांची मिळून एक शाळा झाली, त्या शाळेने नव्या बस आणि नवे ड्रायव्हर आणले, आणि त्रेपन्नाव्या वर्षी मी घरी बसले. घरी बसणं म्हणजे काय ते मला तोवर माहीतच नव्हतं. दोन महिन्यांत मी घरातली सगळी कपाटं तीनदा लावली. चौथ्यांदा लावायला घेतली तेव्हा आमचे हे, जे पंखे नि मिक्सर दुरुस्त करताना सहसा मान वर करत नाहीत, त्यांनी पकड खाली ठेवली आणि म्हणाले, "तू कुठेतरी नोकरी बघ. नाहीतर माझे स्क्रूसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवशील."

पार्सल कंपनीला वर्षअखेरच्या गर्दीसाठी माणसं हवी होती. मी ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज केला. डेपोच्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या होत्या. टेबलावर दोन फोन, दोन्ही वाजत होते, आणि त्या एकही उचलत नव्हत्या.

"ड्रायव्हर आम्ही कायमचेच घेतो," त्या म्हणाल्या. "हंगामाला फक्त हेल्पर. सहा आठवडे. ट्रकबरोबर फिरायचं, पार्सल दारापर्यंत न्यायचं." मग जरा चाचरल्या. "ओझी उचलावी लागतील. जमेल ना?"

"झोपलेलं सात वर्षांचं पोर दप्तरासकट बसमधून उतरवलंय कधी?" मी विचारलं.

त्या हसल्या. सोमवारपासून यायला सांगितलं.

मला ज्यांच्या ट्रकवर दिलं त्यांना डेपोत सगळे कॅप्टन म्हणत. सत्तावन्न वर्षांचे, मान बैलासारखी, बूट मात्र लग्नाला निघाल्यासारखे चकचकीत. एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता, आणि हे ते स्वतः सांगत नसत, कारण सांगायला बाकीचे होतेच. हेल्पर त्यांना आवडत नसत. हंगामात नाइलाज म्हणून एक घ्यावा लागे.

"बाई," पहिल्या सकाळी ते म्हणाले, "माझ्या गाडीत दार आपटायचं नाही. आणि मला रस्ता सांगायचा नाही. इथली सगळी दारं मला ओळखतात."

"बरं," मी म्हणाले. "माझंही एक ऐका. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय मी उतरणार नाही. आधीचे हेल्पर उड्या मारत असतील, मी मारणार नाही."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "आधीचा उडी मारूनच गेला. घोटा मोडला."

ट्रकच्या पोटात दोन्ही बाजूंना फळ्या होत्या आणि त्यांवर छतापर्यंत खोकी. आत पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा असा वास यायचा की तो जेवतानाही नाकात राही. पहिले तीन दिवस माझे हाल झाले, खोटं कशाला बोलू? पुठ्ठ्याच्या कडांनी हातांवर मांजराने ओरबाडल्यासारख्या रेघा उठल्या. घरी गेल्यावर ह्यांनी काही न विचारता गरम पाण्याची बादली पुढे केली आणि मी पाय त्यात सोडून बसल्या बसल्या झोपले. चौथ्या दिवशी मात्र अंग कामाला सरावलं आणि डोकं चालायला लागलं.

पहाटे माल भरणारी पोरं घाईत खोकी कशीही कोंबत. लेबल भिंतीकडे, जड वर, हलकं खाली. मी रोज वीस मिनिटं आधी येऊन सगळं फिरवून ठेवू लागले. लेबल बाहेर, जड खाली, आणि पुढच्या गल्लीची दहा पार्सलं ड्रायव्हरच्या सीटमागे, ओळीने. गाडी थांबायची, मी हात मागे टाकायचे आणि हवं तेच पार्सल हातात यायचं. दुसऱ्या आठवड्यात आम्ही इतर गाड्यांच्या पाऊण तास आधी परतायला लागलो. कॅप्टननी कौतुक केलं नाही. फक्त एक दिवस थर्मासमधला चहा झाकणात ओतून आधी माझ्यापुढे धरला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच.

कामाची मला मजा येऊ लागली होती. एरवी माणसं दुसऱ्याच्या घरात डोकावतात ती चोरून. आम्हाला तर दार उघडूनच देत. कुणी केसांना टॉवेल गुंडाळून येई, कुणी एका हाताने सही करी नि दुसऱ्या हाताने कुत्र्याचा पट्टा ओढून धरी. एका आजोबांकडे रोज एक पुस्तक येई, आणि रोज ते म्हणत, "चुकून आलंय, पण ठेवून घेतो." मागून आजीबाई ओरडत, "काल पण चुकूनच आलं होतं!"

पण बस चालवणारी बाई दुसऱ्याच्या शेजारी बसली तरी तिचे डोळे रस्त्यावरच असतात. माझ्या हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. लेबल वाचायचं सगळं काम कॅप्टननी माझ्यावर सोपवलं होतं. "तुमचं अक्षर-बिक्षर चांगलं असेल, तुम्हीच वाचा," असं म्हणाले होते. आता लेबल वाचायला अक्षर चांगलं कशाला लागतं? पुढची काच ते सारखी पुसत, ती लख्ख असली तरी. ऊन उतरायला लागलं की त्यांचा वेग कमी होई आणि बोलणं बंद होई. समोरून दिवे आले की मान आपोआप बाजूला वळे. एकदा सिग्नलला म्हणाले, "झाला का हिरवा? तुमची परीक्षा घेतोय." मी परीक्षा दिली, पण मनात पाल चुकचुकली. माझी आई असंच करायची. सुई माझ्यापुढे धरून म्हणायची, बघू तुला ओवता येते का.

तरीही मी मूग गिळून बसले. आठ दिवस. मनाशी म्हणत होते, एकतीस वर्षं, ओरखडा नाही, तू कोण टिकोजीराव लागून गेलीस? पण माझ्या नकळत हाताने दाराची कडी घट्ट धरलेली असायची, तेही मला दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी आभाळ भरून आलं होतं आणि पाच वाजताच दिवेलागण झाली. आमची तेवीस पार्सलं उरली होती, सगळी शेवटच्या चार गल्ल्यांतली. आम्ही मोठ्या रस्त्यावरून आत वळलो. वळणापाशी एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. करडा कोट, सायकलला पुढे पिशवी. मला ती चाळीस पावलांवरून दिसली. मी वाट पाहिली की आता ब्रेक लागेल, आता लागेल.

"ब्रेक!" मी ओरडले. बसमध्ये बेचाळीस पोरांवर ओरडायचा आवाज होता तो.

ट्रक थांबला. मागे फळ्यांवरून खोकी धडाधड कोसळली. बाई जागच्या जागी गोठून उभी होती आणि तिच्या पुढच्या चाकात आणि आमच्या बंपरमध्ये वीतभर अंतर होतं. पिशवीतले बटाटे रस्त्यावर गडगडत होते.

मी उतरले, बटाटे वेचले, तिला हात धरून पलीकडे नेलं. ती बिचारी थरथरत होती, पण तोंड शाबूत होतं. "डोळे फुटलेत का त्याचे?" ती म्हणाली. तिला पाणी दिलं आणि परत आले.

कॅप्टननी गाडी कडेला, एका बंद लाँड्रीसमोर लावली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"गडद कपड्यांत फिरतात," ते म्हणाले. "कुणाला दिसणार?"

"मला दिसली. चाळीस पावलांवरून."

"तुम्हाला काय, बसून राहायचं. चालवणाऱ्याला दहा ठिकाणी बघावं लागतं."

"मी चालवणारीच आहे, कॅप्टन. एकोणीस वर्षं. कुठे बघावं लागतं ते मला माहीत आहे, आणि तुम्ही बघताय पण तुम्हाला दिसत नाही, हेही मला माहीत आहे."

त्यांची मान लाल झाली. "शाळेच्या बसवालीने मला गाडी शिकवायची? दोन वर्षं राहिलीत माझी. दोन! तक्रार करणार माझी?"

"किल्ली काढा."

"काय?"

"किल्ली काढा आणि खिशात ठेवा. मला नको ती. पण आता ही गाडी तुम्ही चालवायची नाही. चालू केलीत तर मी समोर जाऊन उभी राहीन, आणि मी त्या बाईपेक्षा बरीच रुंद आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. पोरं रडतात, चिडतात, दारावर लाथा मारतात. आपण हललो नाही की दमतात. बऱ्याच वेळाने त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं.

"आणि ही पार्सलं?" ते म्हणाले. "एकतीस वर्षांत एक पार्सल परत नेलेलं नाही मी."

"मग आजही न्यायचं नाही. चार गल्ल्या आहेत, मागे ट्रॉली आहे. पायांना काय झालंय? उठा."

कोसळलेली खोकी मी ओळीने लावली आणि पहिली आठ ट्रॉलीवर चढवली. गाडीला कुलूप घातलं. कॅप्टन ट्रॉली ढकलत होते, मी पुढे पत्ते वाचत होते. आमची वरात निघाली. दुसऱ्या गल्लीत कॅप्टन एका दारासमोर थांबून म्हणाले, "हे चौदा नंबर."

ते अकरा होतं. मी अकराचं पार्सल अकराला दिलं. त्यांना कळलं.

शेवटच्या फेरीत बाळाच्या पाळण्याचं खोकं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात एकच मिणमिणता दिवा. खोकं माझ्याएवढं लांब. मी वरचं टोक धरून उलटी चढायला लागले, कॅप्टननी खालचं पेललं. दुसऱ्याच पायरीला ते अडखळले आणि गुडघ्यावर आले, पण खोकं सोडलं नाही.

"दिवा फुलतोय," ते धापा टाकत म्हणाले. "त्याच्या भोवती नुसतं पांढरं. पायऱ्या कुठे संपतात तेच दिसत नाही."

"मी सांगते. अजून नऊ आहेत. मग वळण."

मी पायऱ्या मोजत गेले आणि ते माझ्या आकड्यांवर पाय टाकत गेले. नऊ, वळण डावीकडे, परत दहा. तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा आम्ही दोघेही घामाने निथळत होतो. दार उघडणारा तरुण इतका खूश झाला की त्याने खोक्यालाच मिठी मारली. आतून त्याची बायको, पोटावर हात ठेवून, हळूहळू बाहेर आली. "खिडकीतून सारखी बघत होते, ट्रक दिसला नाही."

"ट्रक दमलाय," मी म्हणाले. "आम्ही नाही."

खाली उतरताना कॅप्टन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले. दोन पार्सलं बाकी होती, पण ती कुठे पळत नव्हती.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "आधी वाटलं काच घाण आहे. मग वाटलं चष्मा. कंपनीच्या तपासणीला तोच तक्ता असतो, भिंतीवर, इतकी वर्षं. पाठ आहे मला. शेवटची ओळसुद्धा. नर्स म्हणाली, या वयात काय नजर आहे हो!" ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "घरी बायको मागे लागलीय, डॉक्टरकडे चला. मी नाही म्हणतो. कागदावर डोळे गेले असं आलं की गाडी गेली. गाडी गेली की मी कोण?"

"घरी बसणारा माणूस," मी म्हणाले. "मी होते दोन महिने. कंटाळा येतो, कपाटं लावून होतात, पण मरत नाही माणूस. आज ती सायकलवाली मेली असती."

मी त्यांना आईचं सांगितलं, की तिचा मोतीबिंदू काढला आणि तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या ब्लाउजचे टाके उसवून "किती वाकडे घातलेस" म्हणत होती. "तुमचंही तेच असावं. मी डॉक्टर नाही. पण आजच्या आज मॅडमना कळलं पाहिजे. तुम्ही सांगितलंत तर उत्तम. नाही सांगितलंत तर मी सांगणार आहे, तुमच्या समोर, पाठीमागे नाही."

"तुम्ही फार कडक आहात, बाई."

"पोरं पण म्हणायची."

उरलेली दोन पार्सलं आम्ही दिली. शेवटचं होतं ते चुकून येणाऱ्या पुस्तकवाल्या आजोबांचं. मग लाँड्रीसमोर परत आल्यावर कॅप्टननी फोन काढला आणि तो माझ्यापुढे धरला. क्षणभर वाटलं, मलाच बोलायला सांगतात की काय. पण त्यांना फक्त नंबर लावून हवा होता.

"मॅडम," ते म्हणाले, अगदी ताठ उभे राहून, जणू त्या समोर होत्या, "सगळी पार्सलं पोहोचली. गाडी न्यायला दुसरा ड्रायव्हर पाठवा. मला संध्याकाळचं दिसत नाही. नाही, आजचं नाही. वर्षभर."

मॅडम स्वतः आल्या, एका ड्रायव्हरला घेऊन. लेकीच्या वयाच्या असल्या तरी त्या दिवशी त्यांनी आम्हाला असं काही झापलं की मला माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका आठवल्या. कॅप्टनना बोलून झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कधी कळलं?"

"खात्री आज झाली. संशय आठ दिवसांपासून होता. आठ दिवस मी गप्प बसले, ते चुकलं. त्याला माझ्याकडे सबब नाही."

"उद्या सकाळी या," एवढंच म्हणाल्या.

घरी जाऊन ह्यांना सांगितलं, उद्या बहुधा नारळ मिळणार. ते एका पंख्याचं पातं पुसत होते. म्हणाले, "मिळाला तर मिळाला. ब्रेक तर लागला ना?" आणि परत पातं पुसू लागले. पस्तीस वर्षांच्या संसारात याहून बरं वाक्य त्यांनी मला ऐकवलेलं नाही.

सकाळी मॅडमनी मला समज देणारा कागद सही करायला दिला. मी सही केली. त्याखाली दुसरा कागद होता.

"हंगाम ऐन भरात आहे आणि माझा एक ड्रायव्हर कमी झालाय," त्या म्हणाल्या. "तुमचा परवाना मी परत काढून बघितला. चाचणी द्याल?"

"आत्ता?"

"आत्ता."

चाचणी घेणारा माणूस किडकिडीत, हातात वही, तोंडावर बारा वाजलेले. त्याने मला बाजारातून फिरवलं, चढावर थांबवलं आणि शेवटी एका बोळात घालून म्हणाला, आता मागे घ्या. बोळाच्या दोन्ही बाजूंना कुंड्या होत्या. मी दोन्ही आरशांत बघितलं, एकदा उतरून मागे चक्कर मारून आले आणि एका दमात गाडी बाहेर काढली. कुंडीतलं पानही हललं नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. "उतरून का बघितलंत? सगळे आरशातच बघतात."

"आरशात पोरं दिसत नाहीत," मी म्हणाले. "बुटकी असतात."

त्या दिवशी दुपारपासून कॅप्टनचा ट्रक मी चालवला. हेल्पर म्हणून मला बँकेतून निवृत्त झालेला एक गृहस्थ मिळाला, जो प्रत्येक पार्सल देताना "आपला दिवस शुभ जावो" म्हणे आणि त्यामुळे रोज अर्धा तास उशीर होई. मी त्याला दोन दिवसांत "घ्या, नमस्कार" वर आणलं.

कॅप्टनना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. मी भेटायला गेले तेव्हा ते खुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते, रागावलेले आहेत की नाहीत ते कळेना. त्यांची बायको मात्र दारातच माझा हात धरून बोलायला लागली.

"डोळा चांगला झाला, पण माझ्या डोक्याला ताप झालाय बघा. वर्षभर यांना घर स्वच्छ दिसत होतं. आता रोज एक डाग शोधून काढतात. काल माझ्याकडे बघून म्हणतात, तुझे केस कधी पिकले? मी डॉक्टरांना सांगणार आहे, दुसरा डोळा राहू दे."

"खोटं बोलते," कॅप्टन म्हणाले. "केस छान दिसतात असं म्हणालो मी."

"नंतर म्हणालात!"

मग त्यांनी चष्मा काढला. डोळा लाल होता, पाणावलेला, पण सरळ माझ्यावर रोखलेला. "मॅडम म्हणाल्या, नोकरी राहील. डॉक्टरचा कागद आला की परत चाचणी, आणि पास झालो तर गाडी. वर्षभर फसवलं त्याची शिक्षा म्हणून तोवर डेपोत बसून लेबलं चिकटवायची." थोडं थांबून म्हणाले, "गाडीला ओरखडा?"

"नाही."

"आणि दार?"

"बँकवाला आपटतो. सांगून दमले."

ते कळवळले. खरोखर कळवळले, ऑपरेशनलासुद्धा तसे कळवळले नसतील. मला एकदम हसू आलं, मग त्यांनाही, आणि त्यांची बायको चहा ठेवायला आत गेली.

हंगाम संपल्यावर मॅडमनी मला कायम करून घेतलं. कॅप्टन चाचणी पास झाले, तेही नव्या तक्त्यावर. ट्रक त्यांचा त्यांना मिळाला, आणि मला दुसरा, जरा जुना, गिअर अडकणारा, शहराच्या दुसऱ्या टोकाचा. तिथल्या गल्ल्या अजून माझ्या अंगवळणी पडायच्या आहेत. काल एका बाईने दारात विचारलं, "नव्या का?" मी म्हणाले, "इथे नवी. गाडीवर नाही."